चौघांची हजेरी

आमच्या विद्यापीठानं यंदा पुन्हा ‘मोटिव्हेशन’ची कार्यशाळा लावली आहे. लायब्ररीच्या दाराशी पोस्टर आहे, त्यावर दात दाखवणारी पाच मुलं, आणि खाली प्रश्न: तुमचं अभ्यासात मन का लागत नाही? पोस्टर छापणाऱ्यांना उत्तर नको आहे. हवं असतं तर खाली चार ओळींची जागा मोकळी सोडली असती. मी पत्रकं लिहिते, त्यामुळे कागदावर कुणाला बोलायला जागा ठेवली आहे आणि कुणाला नाही, हे मला आधी दिसतं. त्या पोस्टरसमोर उभी राहिले आणि हारुका आठवली. मग घरी येऊन पत्रकाऐवजी हे लिहायला बसले.

मी मूळची साताऱ्याची, इंजिनिअरिंग पुण्यात, आणि इथं मिशिगनमध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. करते. करता करता शिकवते. म्हणजे प्रोफेसर मोठ्या हॉलमध्ये दोनशे पोरांना लेक्चर देतात आणि आम्ही छोट्या वर्गात त्यांच्याकडून गणितं सोडवून घेतो, पेपर तपासतो. आम्हाला टीए म्हणतात. आम्हा टीए लोकांची एक संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहिते. माझ्याबद्दल एवढं पुरे.

हारुका जपानहून एका वर्षासाठी आली होती. तिसऱ्या वर्षाला होती, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि पाठीवर एक अवजड पिशवी. त्या पिशवीत पुस्तकं कमी आणि बुटांचे जोड तीन. एक रबरी तळव्याचा, विद्यापीठाच्या मेसमध्ये ती भांडी धुवायची तिथं घसरू नये म्हणून. दुसरा मैदानावरचा. ती खेळायची नाही. मुलींच्या रग्बी संघाची मॅनेजर होती, म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणं, गुडघ्यांना पट्ट्या बांधणं आणि सरावाची नोंद ठेवणं. जपानमध्ये ती कॉलेजच्या संघासाठी हेच करायची, इथंही कुणी न सांगता करायला लागली. तिसरा जोड काळा, छोट्या टाचेचा, नोकरीच्या मुलाखतीसाठी. मुलाखती जपानमधल्या कंपन्यांच्या आणि लॅपटॉपवर. संध्याकाळी सात-आठला, कारण तेव्हा तिकडे सकाळ असते. रिकाम्या वर्गात ती काळा कोट आणि काळे बूट घालून बसायची.

“अगं, पाय कुणाला दिसतात?” मी एकदा विचारलं.

“पायात नसले तर आवाज बदलतो,” ती म्हणाली.

आम्ही इंग्रजीत बोलायचो, ती शब्द एकेक मांडून. ती मला ‘केतकी-सान’ म्हणायची, आपण ‘ताई’ लावतो तसं. म्हणून इथं मराठीत ती मला अहो-जाहो करते आहे. मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच केलं, तो माझा उर्मटपणा.

पहिल्या दिवशी मला तिचा रागच आला. वीस-पंचवीस पोरांचा माझा वर्ग, त्यात ही पहिल्या बाकावर, बरोबर माझ्या समोर, आणि झोपलेली. मान ताठ, हातात पेन, डोळे बंद. मी टेबलावर टकटक केलं. डोळे उघडले.

“झोप येत असेल तर घरी जा,” मी म्हणाले. असं बोलायला इथं बंदी आहे म्हणे. मी बोलते.

“घरी गेले तर उठणार नाही,” ती म्हणाली. “इथं तुम्ही उठवता.”

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं ते सोयीची गोष्ट म्हणून सांगितलं होतं. पुढे मला तिची झोप पाठ झाली. ती हप्त्याहप्त्यानं झोपायची. शनिवारी ती नोव्हाय नावाच्या जवळच्या गावी जपानी मुलांच्या शाळेत शिकवायला जायची, बिनपगारी. तिकडे मोटारींच्या कंपन्यांमुळे जपानी कुटुंबं बरीच आहेत, आणि आपलीही. मी दर शनिवारी तिथल्या सबनीस काकांकडे जेवायला जात असे, म्हणून तिला गाडीतून न्यायचे. हायवेला लागेपर्यंत ती झोपलेली असायची आणि नोव्हायचा एक्झिट आला की कुणी हात न लावता जागी व्हायची. एकदा मुद्दाम मी पुढचा एक्झिट घेतला. तिनं डोळे उघडले, पाटी पाहिली आणि म्हणाली, “केतकी-सान, हे लांबचं आहे.” आणि पुन्हा झोपली.

सबनीस काका माझ्या बाबांचे मित्र. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, साहेब जपानी. त्यामुळे जपान या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. एका शनिवारी हारुकाची शाळा लवकर सुटली आणि मी तिला त्यांच्याकडे जेवायला नेलं. काकूंनी भरली वांगी केली होती. हारुका वांग्याकडे आदरानं पाहत होती आणि काका हारुकाकडे.

“केतकी, शिक जरा हिच्याकडून,” काका मला मराठीत म्हणाले. “आमचा साहेब मीटिंगला पाच मिनिटं आधी येऊन बसतो. ही पोरगी दिवसाला आठ-दहा तास तरी वाचत असणार. तुमच्यासारखं नाही, झेंडे घेऊन फिरायचं.” मग इंग्रजीत तिला विचारलं, “वर्गाबाहेर किती अभ्यास करतेस?”

हारुकानं विचार केला. ती प्रश्नाचा मान ठेवायची. “अर्धा तास.”

“दिवसाला?”

“आठवड्याला.”

काकांचा घास हातात राहिला. काकूंनी तोंडाला पदर नव्हता म्हणून पेपर नॅपकिन लावला.

मग ती सांगायला लागली, आणि मी तिला इतकं सलग बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिच्याकडे अभ्यास करायचा तो अठराव्या वर्षापर्यंत. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी तिनं तीन वर्षं शाळा, मग क्लास, मग घरी पुन्हा तेच केलं. वडील जेवताना टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे. प्रवेश मिळाला आणि सगळ्यांनी सांगितलं, झालं, आता जग. जगायचं म्हणजे काय, तर क्लब, सकाळी बेकरीत काम, संध्याकाळी क्लासमध्ये लहान मुलांना शिकवण्याचं काम, आणि तिसऱ्या वर्षापासून नोकरीची शोधाशोध. लेक्चरला बसायचं, नाव लागलं की झालं.

“आणि कंपन्या? मार्क बघत नाहीत?” काकांनी विचारलं.

“आतापर्यंत अकरा मुलाखती दिल्या,” हारुका म्हणाली. “मार्क कुणी विचारले नाहीत. सगळे विचारतात, संघात भांडण झालं तेव्हा तू काय केलंस.”

“काय केलंस?”

“दोघांना एकाच बादलीत कपडे धुवायला लावले.”

काका म्हणाले, “पण हे बरोबर नाही. विद्यार्थ्यानं अभ्यास करायला पाहिजे. आमच्या वेळी…”

“तुमच्या वेळी?” काकू स्वयंपाकघराच्या ओट्याकडून बोलल्या. “तुमची हजेरी चार वर्षं त्या भालेरावनं लावली. लग्नात तोच सांगत होता स्टेजवर. आणि तुम्ही कुठे, तर मॅटिनीला.”

“ती गोष्ट वेगळी.”

“काय वेगळी?”

“भालेराव हुशार होता,” काका म्हणाले, आणि तो विषय वांग्यांबरोबर संपला. मी हारुकाला सगळं भाषांतर करून सांगितलं. तिनं भालेराव हे नाव दोनदा उच्चारून पाहिलं, आणि परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच झोपली नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी तिला आळशी म्हटलं, थट्टेत का होईना, की ती म्हणायची, “मी आळशी नाही. मी भरले आहे.” बसच्या कंडक्टरनं दारात हात आडवा धरावा तशी. रागानं नाही, माहिती म्हणून. मला ते वाक्य फार आवडायचं आणि मला वाटायचं की मला ते समजलं आहे. समजलं नव्हतं, ते मार्चमध्ये कळलं.

आमच्या विषयाच्या मोठ्या लेक्चरला हजेरी यंत्रावर लागते. प्रत्येकाकडे साबणाच्या वडीएवढा रिमोट, त्याला क्लिकर म्हणतात. प्रोफेसर पडद्यावर प्रश्न टाकतात, पोरं बटण दाबतात, मशीनला कळतं कोण आहे. हजेरीला दहा टक्के मार्क. एका गुरुवारी प्रोफेसरांना आकडा खटकला. बटणं जास्त आणि डोकी कमी. ते मला म्हणाले, रांगांमधून फिरून बघ.

मी फिरले. हारुका डावीकडे सहाव्या रांगेत. मांडीवर वही, आणि डाव्या हाताच्या बोटांमध्ये चार क्लिकर, पत्ते धरतात तसे. प्रत्येकावर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. प्रश्न आला की ती चारही दाबत होती, आणि चारही उत्तरं वेगवेगळी देत होती. कारण चौघांची उत्तरं सारखी आली तर संशय येईल, आणि शिवाय, हे तिनं नंतर सांगितलं, निळ्या पट्टीवाल्याला हा धडा खरंच येत नव्हता.

मी थांबले. मी पुण्यात पाच मुलींची प्रॉक्सी दिलेली आहे, आवाज बदलून. माझ्यासारखीनं पुढे निघून जायला हवं होतं. पण ती उभी राहिली. भरल्या हॉलमध्ये, शंभरावर माणसांत उभी राहून तिनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “चार आहेत. दर गुरुवारी मीच करते. सॉरी.”

तिच्या हिशेबानं विषय तिथं संपला होता. तिच्याकडे पकडलं गेलं की उभं राहायचं, वाकायचं, सर रागावतात, तुम्ही खाली बसता. इथं कुणी रागावत नाही. इथं फॉर्म भरतात. ती उभी राहून जे बोलली ते प्रोफेसरांनी माइकवरून ऐकलं, ‘थँक यू’ म्हणाले, आणि संध्याकाळी मला मेल आला की घडलेल्या प्रकाराचा रिपोर्ट दे. मी दिला. न देता मला चाललं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते; उत्तर काहीही आलं तरी रिपोर्टवर सही माझी आहे.

व्यवस्था अशी होती. चौघंही जपानहून आलेली. मंगळवारचं लेक्चर बाकीचे तिघं आळीपाळीनं करायचे, गुरुवार कायमचा हारुकाचा. जो बसेल त्यानं चौघांची बटणं दाबायची आणि चौघांसाठी नोट्स काढायच्या. हारुकाच्या नोट्स मी नंतर पाहिल्या. चार रंग, प्रत्येक सूत्राखाली छोटं उदाहरण, आणि कडेला निळ्यासाठी वेगळी टीप: ‘हे पुन्हा वाच, घाबरू नकोस.’ आमच्या प्रोफेसरांचं पुस्तक इतकं दयाळू नाही.

चौघांनाही नोटीस आली. डीनच्या ऑफिसमधून एका मधाळ आवाजाच्या गृहस्थांनी त्यांना बोलावलं आणि एक नमुन्याचं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की माझं अभ्यासात मन नव्हतं, माझ्या देशातल्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे मला इथला नियम समजला नाही, मी मोटिव्हेशनची कार्यशाळा करीन. सही करा, ताकीद मिळेल, प्रकरण मिटेल. सही नाही केली तर सुनावणी, आणि गैरवर्तनाची नोंद तुमच्या जपानमधल्या विद्यापीठाकडे. हारुकासाठी याचा अर्थ सरळ होता. तिला नुकतीच एका कंपनीची नोकरी पक्की झाली होती, पुढच्या मार्चमध्ये डिग्री मिळाली तरच. नोंद तिकडे पोचली तर या वर्षाच्या क्रेडिट्सची चौकशी, डिग्री लांबणार, आणि नोकरी गेली.

तिघांनी सही केली. हारुकानं केली नाही.

मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, मला हवी होती तशी केस मिळाली होती. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मेसमध्ये पोरांकडून भांडी धुवून घ्यायची, त्यांचा रिकामा वेळ चोखायचा आणि वरून विचारायचं, मन का लागत नाही. अजूनही मला त्यातला शब्द न् शब्द बरोबर वाटतो. मी तिला ते दाखवायला मेसच्या मागच्या दाराशी गेले. ती रबरी हातमोजे काढून कट्ट्यावर बसली आणि पेन घेऊन वाचायला लागली, पेपर तपासावा तसं.

“इथं ‘बळी’ आहे,” ती म्हणाली. “तीन वेळा.”

“हो, कारण तू…”

“काढा.”

“हारुका, लोकांना कळायला पाहिजे तुझ्यावर काय…”

“तुमच्या कागदावर मी रडते आहे. मी रडले नाही.” तिनं आणखी एक ओळ दाखवली. “आणि इथं लिहिलंय, मला नाइलाजानं करावं लागलं. नाइलाज नव्हता. मला संघ आवडतो. शनिवारची मुलं आवडतात. भांडी आवडत नाहीत, पण तिथली माणसं आवडतात. संख्याशास्त्र आवडत नाही. मी निवड केली. चुकीचं बटण दाबलं, चार वेळा. त्याची शिक्षा द्या म्हणावं.”

“मग सही का करत नाहीस? शिक्षाच नाही त्यात.”

तिनं पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. पोरगी आपल्याहून सात वर्षांनी लहान असावी आणि आपणच बाकावर उभं असावं, तसं मला झालं.

“मी खोटं हजर राहिले,” ती म्हणाली. “ते मला सांगतात, आता खोटं लिही म्हणजे माफ. मला नियम माहीत होता. माझ्या देशातही ही चोरीच आहे. देशाला कशाला मधे आणायचं? आणि मन नव्हतं म्हणे. माझं मन पहाटे पाचपासून कामावर असतं, केतकी-सान.”

तिनं पत्रकाची घडी घालून मला परत दिलं. मी ते छापलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

सुनावणीला मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी मी तिला फोन केला आणि आडवळणानं म्हणाले की मला नीट आठवत नाही, किती क्लिकर होते ते, दोनही असतील.

“चार म्हणा,” ती म्हणाली. “दोन म्हणालात तर मी उभी राहून चार सांगेन. मग तुम्हीही फॉर्ममध्ये जाल.”

लांब टेबल, तीन जण, मधे मधाळ आवाजाचे गृहस्थ. टेबलावर पाण्याचा जग आणि टिश्यूचा खोका, रडणाऱ्यांसाठी. साक्षीदारानं विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं, असा नियम. मला विचारलं, किती? मी म्हणाले, चार. आणखी काही सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला आणि फार प्रेमानं म्हणाले, तेवढंच पुरे. ज्या मुलीनं चौकात मेगाफोनवर पाऊण तास भाषण ठोकलेलं आहे, तिचा त्या दिवशीचा वाटा एक शब्द.

मग हारुकाची पाळी. ती काळा कोट घालून आली होती. गृहस्थ म्हणाले, आम्हाला तुला मदत करायची आहे. तुमच्याकडे विद्यार्थी खूप ताणात असतात, अभ्यासाची प्रेरणा कमी असते, हे आम्ही वाचलेलं आहे. तू फक्त ते तुझ्या शब्दांत लिही.

“मी लिहून आणलं आहे,” हारुका म्हणाली.

तिनं एक कागद पुढे सरकवला. त्यावर पट्टीनं आखलेला तिचा आठवडा होता. सोमवार ते रविवार, पहाटे पाचपासून. मेस, वर्ग, मैदान, मुलाखत, शनिवारची शाळा, कंपन्यांचे अर्ज, नोट्स काढणं, आणि झोप, तीही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, खरी खरी, माझ्या गाडीतली धरून. खाली एकच वाक्य: ‘यात अभ्यास कुठे बसवायचा ते कृपया दाखवा, मी बसवीन.’

मी टेबलामागच्या तिघांचे चेहरे बघत होते. बाजूच्या प्राध्यापिकेनं खरंच पेन उचललं आणि कागदावर बोट फिरवलं. मंगळवार. बुधवार. मग पेन खाली ठेवलं.

“हे फार बोलकं आहे,” गृहस्थ म्हणाले. “पण हा आमचा फॉर्म नाही.”

“हो,” हारुका म्हणाली. “तुमच्या फॉर्ममध्ये हे मावत नाही.”

निकाल असा लागला. हजेरीचे दहा टक्के शून्य. ते तिनं मान लववून घेतलं. परीक्षा देता येईल, पास झाली तर क्रेडिट राहील. पण नमुन्याचं पत्र सही करून शुक्रवारी पाचच्या आत ऑफिसात दिलं नाही तर नोंद सोमवारी जपानला जाईल. त्या आठवड्यात सगळ्यांनी तिला समजावलं. तिच्या जपानमधल्या सरांनी मेल केला, सही कर. आईनं फोन केला. सह्या केलेले तिघं तिला भेटायला गेले आणि निळ्या पट्टीवाला रडला. म्हणजे रडलं कुणीतरी. सबनीस काकांनीही मला सांगितलं, “तिला म्हण, अगं, कागद आहे तो. सही म्हणजे काय, भालेरावनं माझ्या किती केल्या.” मी हे तिला सांगितलं नाही.

परीक्षेत ती पास झाली, बऱ्यापैकी मार्कांनी. आमच्या प्रोफेसरांना त्याचं आश्चर्य वाटलं, मला नाही. क्रेडिट राहिलं. नोंद गेली. तिकडे समिती बसली, डिग्री सहा महिने पुढे ढकलली, कंपनीनं नोकरी मागे घेतली. ती पुन्हा अर्ज करते आहे आणि प्रत्येक अर्जात, आधी नोकरी का गेली या रकान्यात, चार क्लिकरची गोष्ट लिहिते. मी कळवलं, अगं, थोडं कमी लिही. तिचं उत्तर आलं, रकाना मोठा आहे.

पण माझ्यासाठी ती त्या शुक्रवारापाशी थांबलेली आहे. सव्वाचार वाजले होते. मी संघटनेच्या ऑफिसातून निघून डीनच्या इमारतीत गेले, कारण मला तिला अडवायचं होतं की ढकलायचं होतं हे ठरत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये, ऑफिसच्या काचेच्या दारासमोरच्या बाकावर ती बसली होती. मांडीवर वही नाही, हातात फोन नाही. पिशवी जमिनीवर. पत्राचा कोरा नमुना शेजारी बाकावर, त्यावर पेन.

मी बसले. दार उघडं होतं, आतली बाई कागद लावत होती. दहा मिनिटं गेली. हारुका झोपली नाही. मी तिला वर्षभरात एकदाही असं बघितलं नव्हतं, काही न करता.

“आज शुक्रवार,” मी म्हणाले. “तुझी मेसची पाळी आहे ना?”

“सुट्टी मागितली.”

“मैदान?”

“तिथंही.”

“आत जायचं नसेल तर इथं का बसलीस?”

ती दाराकडे बघत म्हणाली, “त्यांना वाटेल, मला वेळ मिळाला नाही.”

पॅसेजच्या टोकाला कुणीतरी व्हॅक्युम फिरवत होतं. पाचला दोन मिनिटं असताना आतली बाई किल्ल्या घेऊन बाहेर आली. आम्हाला बघून थांबली, पत्राचा नमुना पाहिला, आणि भली बाई होती, म्हणाली, “आमच्यासाठी थांबला आहात का? द्या, घेते मी अजून.”

हारुका उठून उभी राहिली. “नाही,” ती म्हणाली. “मी फक्त हजर होते.”

बाईनं कुलूप लावलं. हारुकानं पेन खिशात टाकलं, कोरा नमुना बाकावर तसाच ठेवला आणि जिन्याकडे निघाली. घाई नव्हती. एकेक पायरी उतरत होती.